व्यायामाच्या कव्हरातली रेकॉर्ड

प्रिय सुई,

या नावाने मी तुला आजवर एकदाही हाक मारलेली नाही. ते नाव तुझ्या बाबांचं. रेकॉर्डवर सुई ठेवायचं काम सहाव्या वर्षी तुझ्याकडे आलं आणि तेव्हापासून तू त्यांची सुई झालीस. मी मात्र हजेरीपटावरचंच नाव घेत राहिले. आज आधी तेच लिहिलं होतं, पण कागदावर ते शाळेच्या दाखल्यासारखं दिसायला लागलं. तो कागद फाडला. हा दुसरा.

पत्राबरोबर एक खोकं येईल. ते आधी उघडू नकोस. कोणी उघडू नकोस म्हटलं की तू पहिलं तेच करतेस, हे मला माहीत आहे; पण या वेळी माझं ऐक. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग उघड.

आपण शेवटचं बोललो त्याला चौदा महिने होऊन गेले. बाबांच्या रेकॉर्ड न्यायला कधी येऊ, हे विचारायला तू फोन केला होतास. मी म्हटलं, "विकल्या. सगळ्या नीट लावून विकल्या." 'नीट लावून' यावर मी जोर दिला होता, जणू तेवढ्यासाठी तू मला शाबासकी देणार होतीस.  मग तू म्हणालीस, "आई, तू बाबांना मोडीत काढलंस," आणि फोन ठेवलास. मी परत केला नाही. ते माझ्या स्वभावात नाही, हे तुला सांगायला नको. फोन ठेवला आणि ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

इकडची खबर थोडक्यात. इस्पितळातलं काम मी उन्हाळ्यात सोडलं. औषधांच्या खिडकीमागे एकेचाळीस वर्षं झाली. निरोपाला मोठे डॉक्टर म्हणाले, यांच्या हातून आजवर एकही चुकीची बाटली बाहेर गेली नाही. टाळ्या वाजल्या. खरं आहे ते. बाटली गेली नाही. डावा गुडघा दुखतो, पण जिने चढते. बाबांच्या खोलीतलं कपाट काढलं, तिथे भिंतीवर एक चौकोन उरला आहे, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. रंग द्यायला हवा, दिला नाही. आणि दर शनिवारी सकाळी मी जुन्या रेकॉर्डच्या दुकानात जाते. हस खुशाल. मला दोन वर्षांपूर्वी कोणी हे सांगितलं असतं तर मीच त्याला ताप मोजायला बसवलं असतं.

झालं असं. कपाट न्यायला माणसं आली तेव्हा मागच्या फटीतून बाबांचा रेकॉर्ड पुसायचा ब्रश खाली पडला. लाल मखमलीचा, लाकडी मुठीचा. रेकॉर्ड, प्लेअर आणि त्याचं सगळं सामान मी एकदमच विकलं होतं, म्हणजे हिशेबाने ब्रशही माझा राहिला नव्हता. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं मला जमत नाही. पिशवीत घालून द्यायला गेले. चावीवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या दारातून चार पायऱ्या उतरून जावं लागतं. एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. मालकीण माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तोंडाने फटकळ आहे. आमचा माल घरी येऊन तिचा भाऊ घेऊन गेला होता, तेव्हा ती मला ओळखत नव्हती. ब्रश पाहून म्हणाली, "हा परत द्यायला आलात? एवढ्यासाठी पायऱ्या उतरलात?" मी म्हटलं, "तुमचा माल आहे." ती म्हणाली, "न्या तो घरी. एवढी गाणी गेली तिथून, ब्रश तरी राहू दे." मी काहीतरी सुनावणारच होते, तेवढ्यात शेजारच्या खोक्यात आपलं एक कव्हर दिसलं. त्याच्यावर तुझ्या दुधाच्या कपाचा गोल डाग होता. तो पुसायचा मी किती प्रयत्न केला होता, आठवतं? मी ते कव्हर उचललं आणि विकत घेतलं. ताई म्हणाली, "सहा महिन्यांपूर्वी विकलंत, आज घेताय. तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मला दुसरी शाखा काढता येईल."

तेव्हापासून जाते. ताई आलेला माल एकदम बाहेर काढत नाही. मागच्या गोदामातून दर शनिवारी दोन खोकी येतात, आणि आपल्या एकशे चौऱ्याऐंशी त्यात विखुरलेल्या असतात. चाळायची एक रीत असते, ती मी शिकले. दोन बोटांनी कव्हर आपल्याकडे कलतं करायचं, वर ओढायचं नाही. दुसऱ्याच्या पुढ्यातल्या खोक्यात हात घालायचा नाही. एक दाताचे डॉक्टर येतात, भिंग घेऊन. पहिल्या दिवशी मी नकळत त्यांच्या खोक्यात हात घातला तर म्हणाले, "बाई, भूल दिल्याशिवाय हात घालू नका." मी सगळ्यांची लेबलं वाचायचे आणि पुढे सरकायचे. एकेचाळीस वर्षं दुसरं काय केलं? शेवटी ताईला राहवलं नाही. "औषधं नव्हेत ही. नुसतं लेबल वाचून काय कळणार? बाहेर काढा, उजेडात तिरकी धरा." तशी धरली, आणि मग दिसायला लागलं. जे गाणं पुन्हा पुन्हा वाजलं असेल, तेवढाच पट्टा करडा पडतो. मधल्या भोकाभोवती बारीक चरे असतात, घाईघाईने रेकॉर्ड बसवल्याचे. बाबांच्या एका रेकॉर्डवर तिसरं गाणं एवढं करडं झालंय की पार झिजून गेलंय. ते गाणं त्यांना इतकं आवडायचं हे मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षं मी त्याच घरात राहत होते.

त्यांची ती सवय तुला आठवत असेलच. रेकॉर्ड संपली की काढायची, आणि दुसरीचं जे कव्हर हातात असेल त्यात कोंबायची. घरात एक रेकॉर्ड स्वतःच्या कव्हरात नसायची. मी डोकं आपटायचे. "अहो, चुकीच्या बाटलीत चुकीचं औषध गेलं तर माणूस दगावतो." त्यांचं शांतपणे उत्तर, "आणि चुकीच्या कव्हरात रेकॉर्ड गेली तर फार तर नको तेव्हा आवडतं गाणं लागतं." तू तोंडावर हात ठेवून हसायचीस, आणि मला वाटायचं, दोघांनी मिळून मला खोलीबाहेर काढलं. काढलं नव्हतं तुम्ही. मीच आत येत नव्हते. तुझे बाबा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेल-ग्रीस अंगावर घेऊन यायचे. दोराचा नुसता आवाज ऐकून कुठल्या मजल्यावर काय बिघडलंय ते सांगायचे, आणि घरी येऊन पुन्हा कान लावूनच बसायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, आवाज कमी करा. ते कमी करायचे. दरवेळी थोडा आणखी. शेवटी शेवटी तर बाहेर काही ऐकूच यायचं नाही.

आता 'घरच्या घरी व्यायाम' आठव. ते कव्हर, त्यावरचा बनियनमधला मिशाळ माणूस, दोन्ही हात वर केलेला. कोणीतरी त्यांना ती फुकट दिली होती, आणि त्यांनी आयुष्यात कधी व्यायाम केला नाही. तू घर सोडून गेल्यानंतर ते कव्हर मला सारखं स्टुलावर दिसायला लागलं. मी दुपारची पाळी संपवून यायचे तर हे खुर्चीत डोळे मिटून, आणि स्टुलावर तो मिशाळ. मी एकदा टोमणा मारला, "व्यायाम नुसता ऐकून पोट उतरत नाही." ते म्हणाले, "मन लावून ऐकला तर उतरतो." मी पिशवी ठेवून आत गेले. मला भाजी चिरायची होती.

दीड महिन्यापूर्वी एका शनिवारी ते कव्हर खोक्यात सापडलं. आत व्यायामाचीच रेकॉर्ड होती, कारण ती मीच शोधून योग्य कव्हरात घातली होती. मी ते गल्ल्यावर नेलं, तर ताईचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई, हे कव्हर! आमचे लिफ्टवाले साहेब यातूनच तर आणायचे ती." मी विचारलं, "काय आणायचे?" ती स्टुलावर नीट सरसावून बसली आणि सांगायला लागली. हा भला माणूस कितीतरी वर्षं शनिवारी सकाळी यायचा, विकत क्वचितच घ्यायचा. पहिल्या दिवशी आला तो दुपारी, आणि एकही रेकॉर्ड न बघता खोक्यातून नुसती बोटं चालवत दुकान बंद होईपर्यंत उभा राहिला. मग एकदा या कव्हरातून एक बिनलेबलाची रेकॉर्ड घेऊन आला. प्लास्टिकच्या कोऱ्या तबकडीवर त्याच्या एका रेडिओवाल्या मित्राने कापून दिलेली, एकच प्रत. घरची सुई जड आहे, हिला ओरखडा पडेल, हलकी सुई कुठे मिळेल, असं विचारायला आला होता. ताईने आपल्या प्लेअरवर ती लावून पाहिली.

त्या रेकॉर्डवर तू आहेस. सात वर्षांची असशील. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उभी राहून तू लिफ्ट चालवायचीस, ते तुझ्या बाबांनी टेपवर धरलं होतं आणि मित्राकडून तबकडीवर कापून घेतलं होतं. ताईला सगळं पाठ होतं. ती तुझ्या आवाजात म्हणून दाखवायला लागली. "पहिला मजला, औषधं. दुसरा मजला, आजारी बाहुल्या. तिसरा मजला, दुष्ट लोक, इथे कोणी उतरायचं नाही. चौथा मजला, आई आहे, सगळ्यांनी गप्प बसा." एका बाजूला लिफ्ट वर जाते, दुसऱ्या बाजूला खाली येते. लेबल नव्हतं म्हणून बाबांनी मधल्या गुळगुळीत भागात खिळ्याने बाण कोरले होते, एका बाजूला वर जाणारा, एका बाजूला खाली येणारा. ताई त्यांना हसली होती. म्हणाली होती, "साहेब, गोल वस्तूवर वर-खाली कसं कळायचं?" ते बराच वेळ रेकॉर्ड फिरवून बघत राहिले आणि म्हणाले, "ऐकलं की कळतं."

"आणि सगळ्यात भारी म्हणजे," ताई म्हणाली, "अगदी वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर ती पोर म्हणते, आई, तू पण बस ना लिफ्टमध्ये. आणि मागून एक बाई अशी कोरडी ठणठणीत बोलते, मला वेळ नाही! आम्ही दोघंही दरवेळी हसायचो." मग तिने विचारलं, "बऱ्याच दिवसांत आले नाहीत ते. तुमच्या ओळखीचे का?" मी म्हटलं, "ते वारले. ती बाई मी." दुकानात दाताचे डॉक्टर होते, त्यांनी भिंग खाली ठेवलं.  ताई उठली आणि तिने स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

बसल्यावर मी विचारलं, ती दुसरीकडे कुठे उतरवून घेतली होती का. ताई म्हणाली, ती तर दहादा मागे लागली होती, कॉपी करून देते, लेकीला पाठवा. तुझे बाबा म्हणायचे, "पाठवून दिली तर ती येईल कशाला? ती आली की घरीच ऐकवीन."

ते पहिल्यांदा दुकानात आले ती दुपार कुठली, हे मी ताईला तारीख न विचारताही सांगू शकते. तू औषधशास्त्राचं शिक्षण तिसऱ्या वर्षात सोडून, बॅग घेऊन निघालीस, ती. बाबा स्टेशनवर आले नाहीत, त्यांनी आईचीच री ओढली, असं तू सतरा वर्षं धरून बसली आहेस. ऐक. त्यांनी बूट घातले होते. लेस बांधून दारात बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही निरोप द्यायला गेलात तर आपली संमती आहे असं होईल. नाही गेलात तर आठ दिवसांत परत येईल." मी हे औषधाची मात्रा सांगावी तसं सांगितलं. ते माझ्यावर विश्वास ठेवायचे. गोळ्यांच्या बाबतीत मी कधी चुकले नव्हते ना. गाडीची वेळ टळेपर्यंत ते बूट घालून तसेच बसले, आणि मग कुठे जातो ते न सांगता बाहेर पडले. कुठे गेले ते मला सतरा वर्षांनी एका दुकानदारणीने सांगितलं. पंधरा दिवसांनी एकदा येणाऱ्या तुझ्या फोनवर ते 'ठीक ना? ठीक, ठीक' एवढंच म्हणायचे, कारण मी शेजारी उभी असायचे. मी तिथून हलू शकले असते.

आता ती रेकॉर्ड कुठे गेली ते. बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी सगळ्या रेकॉर्ड जमिनीवर मांडून बसले आणि लेबलं वाचून एकेक आपल्या कव्हरात घातली. तीन दिवस लागले. व्यायामाच्या कव्हरातून ही निघाली, बिनलेबलाची, खिळ्याने खरवडलेली. आमच्या खिडकीमागे एक नियम असतो: लेबल नसलेली बाटली ठेवायची नाही. आत काय आहे याचा अंदाज करत बसायचं नाही, वास घ्यायचा नाही, सरळ मोरीत ओतायची. ताईचा भाऊ माल न्यायला आला तेव्हा मी ती वेगळी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ही टाकून द्या. टाकून देण्याच्या रेकॉर्ड ते खरं तर टाकत नाहीत. दुकानामागच्या बोळात एक बाई आहे, सगळे तिला वाडगेवाली म्हणतात. न वाजणाऱ्या रेकॉर्ड ती भट्टीत तापवते, मऊ झाल्या की पालथ्या भांड्यावर दाबते आणि वाडगे करून विकते. ताईने हे सगळं सांगितलं त्याच दुपारी मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "शेकडो केले असतील, कुठला लक्षात ठेवू? पण बिनलेबलाची म्हणता? ती मला चांगली लागते. लेबल तापलं की करपतं." कोणाकोणाला विकले म्हटल्यावर तिने हात हलवला. "याच रस्त्यावर बरेच गेले. जाऊन बघा की."

मग मी शनिवारबरोबर बाकीच्या वारीही जायला लागले. दुकानात शिरायचं, गल्ल्यावर काळा वाडगा आहे का बघायचं, असला तर परवानगी मागून तो रिकामा करायचा आणि तळ बघायचा. चावीवाल्याकडे होता, त्याला लाल लेबल. चष्मेवाल्याकडे होता, त्यात बारके स्क्रू. वाटलं तर डोळे तपासून घ्या, असं त्याने मला सुचवलं. गेल्या मंगळवारी शिंप्याकडे सापडला. आत बटणं होती, ढीगभर. मी ती कागदावर ओतली. तळाला लेबल नव्हतं. आतल्या बाजूला एक बाण, पालथा केला तर बाहेरच्या बाजूला दुसरा. शिंपी द्यायला तयार नव्हता. म्हणाला, "बाई, अहो बटणांचा वाडगा आहे, त्यात काय एवढं?"  घरी येऊन आपला झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन गेले, तुझ्या शाळेच्या डब्यांपैकी सगळ्यात मोठा, आणि त्याची बटणं रंगवार लावून दिली. तेव्हा कुठे त्याने वाडगा दिला. कडा कमळासारख्या वळल्या आहेत. उजेडात तिरका धरला की रेषा अजून दिसतात, एकही पुसलेली नाही. एका बाजूचा शेवटचा भाग करडा पडलाय. ताईला दाखवला, वाटलं ती काहीतरी युक्ती सांगेल. तिने तो दोन्ही हातांत धरला, खिडकीकडे नेला, पुष्कळ वेळ पाहिला आणि मान हलवून माझ्याकडे परत दिला. तिला फटकळ बोलता आलं नाही, तेव्हाच मला कळलं.

आता ज्यासाठी हे पत्र, ते लिहिते. बाबा गेल्यानंतर तू आलीस आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात मला विचारलंस, "आई, त्या वेळी बाबा काय ऐकत होते?" मी म्हटलं, "काही नाही. प्लेअर बंद होता." ते खोटं होतं. त्या दिवशी माझी सुटी होती. मी टेबलाशी बसून मुदत संपलेल्या औषधांची यादी करत होते. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आवाज नेहमीसारखा बारीक. मग रेकॉर्ड संपली आणि सुई शेवटच्या रेषेत अडकून टकटक करायला लागली. मी ओरडले, "बंद करा ते." टकटक चालूच. मला वाटलं, झोप लागली असेल. मग मला राग आला. दरवेळी मीच का उठायचं? होऊ दे, आज स्वतः उठतील आणि स्वतः बंद करतील. मी यादीची दोन पानं पुरी केली, सुई. वीस मिनिटं. मग उठले, त्यांना धडा शिकवायला म्हणून उठले, आणि ते खुर्चीत तिरके झालेले होते. हात गार नव्हते. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. वीस मिनिटांत काय होतं आणि काय थांबवता येतं, हे मला त्यांच्याइतकंच कळतं. मी प्लेअर बंद केला, तबकडी काढली, स्टुलावरच्या व्यायामाच्या कव्हरात घातली आणि मगच शेजारच्यांना हाक मारली. मध्ये लेबल नव्हतं, नुसता बाण होता, तो मी पाहिला होता. तेव्हा वर लिहिलेली नियमाची गोष्टही अर्धीच खरी आहे. दोन महिन्यांनी ती हातात आली तेव्हा मी ती ओळखली. ती टकटक पुन्हा घरात नको होती, म्हणून काढून टाकली, आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळंही. त्यात तू आहेस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर काय केलं असतं, ते आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. खोक्यात तो वाडगा आहे. तुझा आवाज त्यातच आहे, सगळे मजले त्यात आहेत, फक्त आता कोणाला ऐकता येणार नाहीत. तू विचारलं होतंस, बाबा काय ऐकत होते. ते तुला ऐकत होते. टकटक मी ऐकत होते.

पहिल्या हाकेला उठेन, अशी
तुझीच
आई